ओपन मल्टिडेक आणि काचदारी फ्रीझर: बसवणी, चालू करणे आणि पहिल्या उन्हाळ्यापर्यंतची देखभाल

कामाची व्याप्ती: अडीच मीटरचे तीन ओपन मल्टिडेक सलग जोडून साडेसात मीटरची एक ओळ (दूध, दही, थंड पेये), तीन दारांचा एक उभा काचदारी फ्रीझर आणि सुट्या जागी दोन प्लग-इन चेस्ट. मल्टिडेक आणि फ्रीझर यांचे कंडेन्सिंग युनिट गच्चीवर, वेगवेगळे, दोन्हीत आर-404ए हा थंड करणारा गॅस. प्लग-इन चेस्टमध्ये आर-290, म्हणजे प्रोपेन. मल्टिडेकचा अंदाजे भार 10 किलोवॉट, फ्रीझरचा पावणेदोन.

3 नोव्हेंबर 2025. जागेची तपासणी

माल यायच्या आधी तीन गोष्टी मोजल्या: फरशीची पातळी, हवेचा वेग आणि ड्रेनची जागा.

साडेसात मीटरमध्ये फरशी 12 मिमीने उतरते, उतार डावीकडे. कॅबिनेटच्या पायांना 30 मिमीपर्यंत आटे असल्यामुळे फरशी फोडायची गरज नाही.

हवेचा वेग जास्त महत्त्वाचा. ओपन मल्टिडेकला दार नसते. वरच्या छज्जातून खाली पडणारा थंड हवेचा पडदा हेच त्याचे दार. समोरून 0.2 मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त वारा आला की पडदा फाटतो. अॅनिमोमीटर कॅबिनेटच्या जागी, जमिनीपासून दीड मीटरवर धरला. उजव्या टोकाला 0.45 दाखवले, कारण छतातला एसीचा डिफ्यूझर नेमका तिकडे वळलेला होता. पाती फिरवून हवा उलट बाजूला सोडल्यावर 0.15 आले. कॅबिनेट लागल्यावर हेच काम शिडी आणि माल यांच्या अडचणीत करावे लागते, म्हणून आजच उरकले.

खोलीत 27 अंश आणि 65 टक्के आर्द्रता होती, म्हणजे दवबिंदू जवळपास 20 अंश. कॅबिनेटच्या नेमप्लेटवर क्लायमेट क्लास 3 आहे. आयएसओ 23953 प्रमाणे ही चाचणी 25 अंश आणि 60 टक्क्यांवर होते, तिथे दवबिंदू पावणेसतरा येतो. आजच्या हवेत कॉइलवर बर्फ जास्त धरणार आणि काचेला घाम येणार. एसी चालू ठेवून 25 अंश राखल्याशिवाय कॅबिनेटकडून कॅटलॉगमधल्या तापमानाची अपेक्षा ठेवू नये, असे मालकांना लेखी कळवले.

5 नोव्हेंबर. कॅबिनेट जागेवर

पाणसळ लावायला सुरुवात फरशीच्या सर्वांत उंच टोकापासून, म्हणजे उजवीकडून केली. खालून सुरुवात केली तर शेवटच्या कॅबिनेटला पाय आत घालायला जागाच उरत नाही. लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे पातळी बघितली. रुंदीत कॅबिनेट पुढे झुकले तर पाणी ड्रेनच्या खड्ड्याकडे न जाता पुढच्या कडेला साचते आणि ग्राहकांच्या पायाशी गळते.

दोन कॅबिनेटच्या सांध्यात कारखान्याची फोमपट्टी चिकटवली आणि बोल्ट वर, मध्ये, खाली असे थोडे थोडे ओढत नेले. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर पत्रा ताणतो आणि फट दुसऱ्या टोकाला सरकते. आतल्या टाकीच्या सांध्यावर खाद्यपदार्थांजवळ चालणारे, अॅसिड न सोडणारे सिलिकॉन भरले. सांध्यातली फट बाहेरून दिसत नाही, पण त्यातून दमट हवा आत शिरते आणि पुढे तिथेच बर्फाची रेघ उमटते.

मागे भिंतीपासून 60 मिमी मोकळे ठेवले. कॅबिनेट भिंतीला चिकटवले तर मागच्या पत्र्यावर दव धरते, भिंतीचा रंग फुगतो आणि तक्रार येते की कॅबिनेट गळते.

7 नोव्हेंबर. ड्रेन

प्रत्येक कॅबिनेटला स्वतंत्र यू-ट्रॅप, त्यात पाण्याची उंची 65 मिमी. तिन्हींना मिळून एकच ट्रॅप ठेवला असता तर एका कॅबिनेटच्या पंख्याने दुसऱ्या कॅबिनेटच्या ड्रेनमधून हवा ओढली असती. मुख्य पाइप 40 मिमी, उतार मीटरला 20 मिमी. गटारात थेट न जोडता फनेलवर 50 मिमी हवेची फट ठेवून सोडला, म्हणजे गटार तुंबले तरी घाण पाणी कॅबिनेटमध्ये चढत नाही.

फ्रीझरच्या ड्रेनमध्ये हीटर वायर आहे. ती पाइपाच्या आत पूर्ण लांबीभर, थेट ट्रॅपपर्यंत गेली पाहिजे. मध्येच संपली तर ती संपते तिथेच बर्फाचे बूच बसते.

प्रत्येक कॅबिनेटमध्ये पाच लिटर पाणी ओतून बघितले. मधल्यात पाणी रेंगाळत होते. ड्रेनच्या तोंडात पॅकिंगच्या थर्माकोलचा तुकडा अडकला होता. नव्या कॅबिनेटमध्येही हे पाहावेच लागते.

8 ते 10 नोव्हेंबर. कॉपर पाइपिंग

मल्टिडेकला लिक्विड लाइन (द्रवरूप गॅस कॅबिनेटकडे नेणारा पाइप) 16 मिमी. सक्शन (गॅस कंप्रेसरकडे परत नेणारा पाइप) आडव्या भागात 35 मिमी, गच्चीवर चढणाऱ्या चार मीटरच्या उभ्या भागात 28 मिमी. उभा पाइप मुद्दाम बारीक घेतला आहे: तेल वर न्यायचे असेल तर गॅसचा वेग सेकंदाला 7-8 मीटर तरी लागतो. इथे हिशेबाने उभ्यात साडेआठ आणि आडव्यात सव्वापाच-साडेपाच येतो. सगळीकडे 35 मिमी टाकले असते तर दाबाची घट कमी झाली असती, पण तेल खालीच बसले असते आणि कंप्रेसर कोरडा पडला असता. उभ्या पाइपच्या तळाशी लहान तेल-ट्रॅप आणि वरच्या टोकाला उलटा लूप. आडव्या सक्शनला कंप्रेसरकडे उतार, मीटरला 5 मिमी. फ्रीझरला आडवा सक्शन 22 मिमी, उभा 19 मिमी.

ब्रेझिंग करताना पाइपमधून नायट्रोजनचा हलका प्रवाह चालू, मिनिटाला दोन-तीन लिटर, दुसऱ्या टोकाला गालावर जेमतेम जाणवेल इतका. नायट्रोजनशिवाय ब्रेझिंग केले तर आत काळी पापडी धरते. ती गॅसबरोबर सुटून फिल्टर ड्रायरमध्ये, नाहीतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा व्हॉल्व्ह) जाळीत बसते. चालू केल्यावर पहिल्या महिन्यात जे व्हॉल्व्ह 'खराब' म्हणून बदलले जातात, त्यांतले बरेच या पापडीने अडलेले असतात.

कॉपर-कॉपरला फॉस्फरस असलेली 5 टक्के चांदीची काडी, फ्लक्सशिवाय. ड्रायर आणि रिसीव्हरच्या स्टीलला ही काडी चालत नाही, सांधा ठिसूळ होतो. तिथे 45 टक्के चांदी आणि फ्लक्स. सोलेनॉइड (विजेने उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अंगाला ओले फडके गुंडाळून ज्योत व्हॉल्व्हपासून उलट दिशेला ठेवली.

इन्सुलेशन: मल्टिडेकच्या सक्शनला 19 मिमी, फ्रीझरच्या सक्शनला 32 मिमी नायट्राइल रबर. नळी शक्यतो न चिरता पाइपवर ओवली. जिथे चिरावी लागली तिथे दोन्ही कडांना चिकटद्रव लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबूनच कडा दाबल्या. सांधे मात्र उघडे ठेवले, कारण प्रेशर टेस्ट व्हायची आहे.

11 आणि 12 नोव्हेंबर. प्रेशर टेस्ट

कॅबिनेटच्या कॉइलची नेमप्लेटवरची मर्यादा 25 बार. कंप्रेसर बंद व्हॉल्व्हने वेगळे करून दोन्ही लाइनमध्ये कोरडा नायट्रोजन टप्प्याटप्प्याने चढवला: 3 बारला थांबून मोठी गळती ऐकायची, 10 बारला साबणाचा फेस, मग 24 बार. टेस्टला ऑक्सिजन किंवा साधी कंप्रेस्ड हवा कधीही नाही. तेलाशी ऑक्सिजनचा दाबाखाली संबंध आला की स्फोट होतो.

संध्याकाळी 32 अंशांना दोन्ही गेज 24.0 बार. सकाळी 26 अंशांना मल्टिडेक 23.5, फ्रीझर 22.9.

मल्टिडेकची अर्धा बारची घट गळती नाही. वातावरणाचा दाब धरून 25 बार, गुणिले 299 भागिले 305, म्हणजे 24.5, त्यातून पुन्हा 1 वजा केला की गेजवर 23.5. आकडा अगदी जुळतो. फ्रीझरची घट मात्र यापेक्षा 0.6 बार जास्त, म्हणजे तिथे गळती नक्की. टेस्ट सुरू करताना तापमान लिहिलेले नसेल तर हे दोन गेज सारखेच संशयास्पद दिसतात.

फेस लावल्यावर बुडबुडे फ्रीझरच्या सोलेनॉइडच्या फ्लेअर नटवर आले. नट अजून आवळणे हा उपाय नव्हे. सोडून बघितले तर फ्लेअरच्या तोंडावर पाइप कापल्यानंतरची कोर तशीच होती आणि तिने बसकणीवर चरा पाडला होता. पाइप कापून, तोंड खाली धरून कोर काढली (म्हणजे चुरा आत पडत नाही), नवी फ्लेअर काढली, तोंडाला कंप्रेसरच्याच तेलाचा थेंब लावला आणि टॉर्क पान्याने आवळले. पुन्हा 24 बार चढवून रात्रभर ठेवले.

13 नोव्हेंबर. व्हॅक्यूम

रात्रीत घट फक्त तापमानाची. सांध्यांवर इन्सुलेशन चढवले.

पंपात नवे तेल. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल आहे ते दाखवतो, आकडा जितका कमी तितके चांगले) पंपाजवळ नाही, लाइनच्या दूरच्या टोकाला लावला. पंपाजवळ आकडा नेहमी छान दिसतो, लाइनच्या टोकाला काय चालले आहे ते कळत नाही. सर्व्हिस पोर्टमधले कोअर टूलने काढून जाड होज वापरले. सोलेनॉइडला मॅग्नेट लावून उघडे ठेवले, नाहीतर लिक्विड लाइनचा अर्धा भाग व्हॅक्यूमबाहेरच राहतो.

मल्टिडेक 380 मायक्रॉनला आले. पंप वेगळा करून पंधरा मिनिटे थांबलो, 460 वर स्थिर. पास. फ्रीझर 450 ला आले, पण वेगळे केल्यावर चढत चढत 1800 वर थांबले. चढत राहिले असते तर गळती. एका आकड्यावर थांबले म्हणजे आत ओलावा आहे आणि तो उकळतो आहे. नायट्रोजनने व्हॅक्यूम तोडून पुन्हा ओढले, पंपाचे तेल दुधाळ झाले होते ते बदलले. दुसऱ्या फेरीनंतर 490 वर स्थिर. कंप्रेसरचे पीओई (कृत्रिम एस्टर) तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते आणि एकदा शोषलेला ओलावा व्हॅक्यूमने नीट निघत नाही, म्हणून कंप्रेसरचे व्हॉल्व्ह या क्षणापर्यंत बंदच ठेवले होते. क्रँककेस हीटर आज दुपारपासून चालू.

14 नोव्हेंबर. चालू करणे

तीन फेजमधला व्होल्टेजचा फरक 1 टक्क्याच्या आत. स्क्रोल कंप्रेसर उलटा फिरला तर चालतो, आवाज करतो, पण सक्शनचा दाब उतरत नाही आणि डिस्चार्जचा (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा) चढत नाही. दोन सेकंद चालवून गेज बघायचे. दिशा बरोबर होती. फेज रिलेची चाचणी एक फेज काढून घेतली.

आर-404ए हे मिश्रण, म्हणून सिलिंडर उलटा करून द्रवरूपातच भरले, वजनकाट्यावर, बंद यंत्रणेच्या रिसीव्हरमध्ये. मल्टिडेकला 9.4 किलो गेला. साइट ग्लास (लिक्विड लाइनवरची बघायची काच) स्वच्छ झाल्यावर लगेच भरणे थांबवले नाही, सबकूलिंग (द्रव कंडेन्सिंगच्या तापमानापेक्षा किती अंश थंड आहे) बघितले: गच्चीवर 31 अंश, डिस्चार्ज 18.5 बार, म्हणजे कंडेन्सिंग सुमारे 43. लिक्विड लाइन 38. पाच अंश सबकूलिंग, पुरेसे. प्रत्येक युनिटवर गॅसचा प्रकार, वजन आणि तारखेची चिठ्ठी डकवली. या गॅसचा जागतिक तापमानवाढीचा निर्देशांक 3922 आहे, प्रोपेनचा 3 च्या आसपास. एक किलो हवेत गेला तर तो हिशेब लहान नाही. नव्या कामाला कमी निर्देशांकाचा गॅस निवडणेच बरे, इथे गच्चीवरची युनिट आधीपासूनची असल्याने तो प्रश्न उरला नव्हता.

फ्रीझरच्या पहिल्या डीफ्रॉस्टला (कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची फेरी) आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा ब्रेकर, ट्रिप. हीटर जळालेला नव्हता. नळीच्या हीटरमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड साठवणीत ओलावा धरते आणि करंट जमिनीकडे गळतो. मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर) 500 व्होल्टला 0.3 मेगाओहम. तिन्ही हीटर वेगवेगळे मोजले, एकच दोषी निघाला. तो काढून मंद आचेवर कोरडा केला, 20 मेगाओहमच्या वर गेला आणि मग ट्रिप नाही. आरसीसीबी मोठ्या रेटिंगचा लावणे हा इलाज काही ठिकाणी दिसतो. ओल्या फरशीवर अनवाणी पाय असतात हे विसरून केलेला तो इलाज आहे.

15 नोव्हेंबर. सुपरहीट आणि डीफ्रॉस्ट

सुपरहीट, म्हणजे कॉइलमधून बाहेर पडणारा गॅस त्याच्या उकळण्याच्या तापमानापेक्षा किती अंश गरम आहे ते, कॅबिनेटच्या कॉइलपाशीच मोजले. गच्चीवरचा सक्शन दाब धरला तर लाइनमधली घट हिशेबात शिरते. कॉइलच्या बाहेर 3.3 बार, म्हणजे साधारण उणे 10. पाइप उणे 4. सहा अंश. डावे कॅबिनेट 11 दाखवत होते. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी बल्ब (व्हॉल्व्हला पाइपचे तापमान कळवणारी नळकांडी) बघितला: तो पाइपच्या तळाशी पट्टीने बांधलेला होता. तळाला तेल वाहते, त्यामुळे बल्बला खरे तापमान कळत नाही. 22 मिमीपेक्षा जाड पाइपला बल्ब घड्याळातल्या 4 किंवा 8 च्या जागी, बारीक पाइपला वरच्या अंगाला. 4 वर बांधून, पाइप घासून, इन्सुलेशन गुंडाळले. अर्ध्या तासाने 7 अंश. व्हॉल्व्हचा स्क्रू हलवावा लागला नाही.

फ्रीझर: कॉइलपाशी 1.0 बार, साधारण उणे 30, सुपरहीट 5.

सेन्सर बर्फाच्या पाण्यात तपासले. थर्मासच्या झाकणात बर्फाचा चुरा, जेमतेम बुडेल इतके पाणी, ढवळून पाच मिनिटे. एक सोडून सगळे 0.3 च्या आत. फ्रीझरच्या डीफ्रॉस्ट सेन्सरचा आकडा 1.6 अंशांनी चढा, कंट्रोलरमध्ये तेवढे ऑफसेट दिले.

मल्टिडेकला दिवसातून चार डीफ्रॉस्ट, फक्त पंख्याच्या हवेने: कॉइल 8 अंशांना आली की बंद, कमाल 25 मिनिटे. सलग ओळीतली तिन्ही एकाच वेळी डीफ्रॉस्ट होतील असे लावले. आत हवा एकमेकांत मिसळते, त्यामुळे एकटेच कॅबिनेट डीफ्रॉस्टला टाकले तर शेजारची त्याला गार करत राहतात आणि बर्फ पुरता वितळत नाही. फ्रीझरला दिवसातून दोन, हीटरने: बंद होण्याचे तापमान 10 अंश, कमाल 35 मिनिटे, निथळायला तीन मिनिटे, आणि कॉइल उणे 5 ला आल्यावरच पंखे. पंखे लगेच सुटले तर कॉइलवर उरलेले थेंब काचेवर आणि मालावर उडतात.

17 नोव्हेंबर. माल भरणे

रिकामे कॅबिनेट दिवसभर चालवून मग माल भरला, तोही आधीच थंड असलेला. कॅबिनेट थंड ठेवण्यासाठी आहे, थंड करण्यासाठी नाही. खोलीच्या तापमानाचा माल भरला तर दोन दिवस आकडे जागेवर येत नाहीत. हवा जाण्यासाठी प्रत्येक फळीच्या मागे 40 मिमी मोकळे. भरणरेषेच्या पुढे काही नाही.

24 नोव्हेंबर. पहिली तक्रार: मधले कॅबिनेट गरम

तिसऱ्या फळीवर पुढे ठेवलेल्या मालाचे तापमान 8.6, कंट्रोलरवर 3. गॅस कमी असेल म्हणून टाकून द्या, असा आग्रह होता. साइट ग्लास स्वच्छ, सुपरहीट 6, सबकूलिंग 5. गॅस कमी असण्याचे एकही लक्षण नव्हते. ज्याला जास्त गॅस टाकायची सवय असते त्याला हे सांगून पटत नाही.

मग हवा. वरच्या छज्जातून निघणारी हवा 0, खालच्या जाळीतून परत जाणारी 11. बाजूच्या कॅबिनेटमध्ये हाच फरक सहा. पडदा वाटेत बाहेरची हवा गोळा करतो आहे, याचा हा पुरावा. टिश्यू पेपरची एक सेंटिमीटर रुंद पट्टी छज्जाखाली धरून खाली आणली: दोन फळ्यांपर्यंत सरळ लोंबली, तिसरीपाशी बाहेर वळली आणि तळाशी फडफडू लागली.

कारणे दोन, दोन्ही कॅबिनेटच्या बाहेरची. छज्जाच्या कडेला जाहिरातीचा पुठ्ठा टांगला होता, त्याची खालची कड मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या तोंडात शिरून हवा वळवत होती. आणि खालच्या पट्ट्यावर खोके भरणरेषेच्या 40 मिमी पुढे सरकून परतीची जाळी अर्धी झाकत होते. पुठ्ठा काढला, खोके मागे सरकवले. तीन तासांत तोच माल 4.1. पट्टीच्या चाचणीला दोन मिनिटे लागतात, गॅसच्या चाचणीला निम्मा दिवस. क्रम नेहमी हाच ठेवावा.

6 डिसेंबर. फ्रीझरच्या दाराला बर्फ

मधल्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात आतून बर्फाची पट्टी. रबर कागदाने तपासले: दारात कागद धरून दार लावायचे आणि ओढायचा. तीन बाजूंना अडकतो, वरच्या कोपऱ्यात सुटतो. रबर चांगले होते, दार बिजागरीवर 3 मिमी लोंबले होते. बिजागरीचा स्क्रू वर घेतला, आपोआप बंद होण्याची स्प्रिंग अर्धा वेढा वाढवली. दार 70 अंशांवरून सोडून बघितले, आवाज न करता पूर्ण लागते.

चौकटीच्या हीटरचा करंट टाँग टेस्टरने घेतला, बरोबर होता. चौकट बाहेरून ओली दिसली की हीटरवर संशय येतो. आतून बर्फ दिसला तर प्रश्न बहुधा दाराचा असतो.

12 जानेवारी 2026. महिन्याची देखभाल

कंडेन्सरचे पंख नायलॉन ब्रशने, पंखांच्या दिशेनेच. जाळ्या आणि छज्जाची जाळी काढून ब्रश-व्हॅक्यूम. परत लावताना दिशा तीच. पंखे बंद असताना तळ काढून लेबलचे तुकडे आणि चिखल काढला, ड्रेनमध्ये कोमट पाणी पाच लिटर. उकळते पाणी नको, पीव्हीसीचा सांधा सुटतो. विद्युत टर्मिनल आवळले. मल्टिडेकच्या कॉन्टॅक्टरचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल होता.

16 फेब्रुवारी. प्लग-इन चेस्ट, आर-290

एका चेस्टखाली पाणी. या चेस्टला ड्रेन लाइन नसते. पाणी मागच्या ट्रेमध्ये पडते आणि गरम डिस्चार्ज पाइपने वाळते. चेस्ट भिंतीला टेकवली होती, त्यामुळे ट्रेवरून हवाच फिरत नव्हती. 100 मिमी पुढे ओढली, ट्रेमधला चिखल साफ केला. गॅसच्या यंत्रणेला हात लावला नाही.

सर्किट उघडायची वेळ आली तर वेगळी तयारी लागते. या चेस्टमध्ये प्रत्येक सर्किटला 150 ग्रॅमपर्यंत प्रोपेन आहे. हवेत 2.1 टक्के झाले की ते पेट घेऊ शकते. 150 ग्रॅम म्हणजे जेमतेम चार घनमीटर हवेला पुरेल इतके. प्रोपेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. म्हणून प्लग काढणे, खिडक्या उघडणे, जमिनीजवळ ज्वलनशील वायूचा डिटेक्टर, आणि ज्योत तर नाहीच: आधी गॅस बाहेर काढून नायट्रोजनने धुवून मग पाइप कटरने कापणे. रिले आणि थर्मोस्टॅट बदलताना ठिणगी बाहेर न पडणारा मूळ प्रकारचाच सुटा भाग. मिळेल तो रिले इथे चालत नाही.

23 मार्च. डाव्या कॅबिनेटच्या कॉइलवर बर्फ

कॉइलवर बर्फ कसा बसला आहे ते बघूनच निम्मे निदान होते, म्हणून वितळवण्याआधी तळ उघडून फोटो काढला. सगळ्या कॉइलवर सारखा दाट बर्फ असेल तर डीफ्रॉस्ट अपुरा पडतो आहे: सेन्सर, वेळ किंवा हीटर. फक्त शिरण्याच्या तोंडाशी बर्फ आणि पुढची कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी किंवा व्हॉल्व्ह अडलेला. तळाशी लाद धरली असेल तर ड्रेन तुंबला. इथे बर्फ फक्त डाव्या तिसऱ्या हिश्श्यावर होता, म्हणजे पंखा.

तिथला पंखा फिरत होता. पण पट्टी धरल्यावर हवा उलट ओढत होता: मोटर बदलताना उलट्या दिशेने फिरणारी मोटर बसवली गेली होती. बरोबर दिशेने फिरणारी मोटर बसवली. उलटा पंखा बंद पंख्यापेक्षा वाईट, कारण शेजारचा पंखा जी हवा पुढे ढकलतो तीच तो मागे ओढतो. हात फिरवून पंखा चालतो आहे एवढेच बघणे पुरत नाही.

बर्फ कोमट पाण्याने वितळवला. टोकदार काहीही लावले नाही. पंखांमागेच कॉपर असते.

20 एप्रिल. डिस्चार्ज चढा

गच्चीवर 33 अंश, डिस्चार्ज 22 बार, म्हणजे कंडेन्सिंग 50. हवेपेक्षा 17 अंश वर. चालू केले त्या दिवशी हा फरक 12 होता. कंप्रेसरचा करंटही वाढला आहे. कंडेन्सर बाहेरून स्वच्छ दिसतो, पण टॉर्च मागून धरली तर मधल्या पट्ट्यात उजेड येत नाही. पुढून ब्रश मारल्याने धूळ आत दडपली गेली होती. हवेच्या उलट दिशेने, म्हणजे आतून बाहेर, कमी दाबाने पाणी मारले आणि अॅसिड नसलेले क्लीनर वापरले.

त्यानंतर 19.2 बार. आत हवा अडकली आहे का हेही बघितले: कंप्रेसर बंद, कंडेन्सरचा पंखा चालू ठेवून तापमान एकसारखे होऊ दिले. 33 अंशांना गेजवर साधारण 14.4 बार यायला हवे, 14.5 आले. हवा असती तर गेज यापेक्षा ठळकपणे वर थांबले असते.

11 मे. मल्टिडेकच्या साइट ग्लासमध्ये बुडबुडे

बुडबुडे दिसले म्हणून लगेच गॅस भरला नाही. ड्रायर अडल्यानेही बुडबुडे येतात. ड्रायरच्या आधी आणि नंतर पाइपचे तापमान सारखेच, म्हणजे ड्रायर मोकळा. सुपरहीट 6 वरून 13, सबकूलिंग 1. गॅस खरोखरच कमी होता.

गळती शोधताना डोळ्यांनी तेलाचा डाग आधी, डिटेक्टर नंतर. उजव्या कॅबिनेटच्या तळात सक्शन पाइप पत्र्याच्या कडेला टेकला होता, इन्सुलेशन तिथे चिरले होते आणि खाली नाण्याएवढा तेलकट ओघळ होता. पंख्यांच्या थरथरीने पाइपला खाच पडली होती. गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढला, तो तुकडा कापून नवा घातला, पत्र्याला रबरी ग्रोमेट आणि पाइपला क्लँप. ड्रायर बदलला, कारण यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचा. 24 बार नायट्रोजन, व्हॅक्यूम 410 मायक्रॉन, काढलेला गॅस वजनाने परत आणि त्यावर 1.1 किलो नवा. सुपरहीट 6, सबकूलिंग 5.

उरलेल्या दोन कॅबिनेटच्या त्याच जागी पाइप बघितला. मधल्यात पत्र्यापासून 2 मिमीचे अंतर आहे, तिथेही ग्रोमेट घातले. डाव्यात पाइप मोकळा आहे.

बाकी: उजव्या कॅबिनेटच्या रात्रीच्या पडद्याची स्प्रिंग सैल आहे, पडदा तळापासून 15 सेंटिमीटर वरच थांबतो. स्प्रिंग मागवली आहे. फ्रीझरच्या डाव्या दाराचे रबर पुढच्या फेरीत कागदाने पुन्हा तपासायचे.